वर्धनगडच्या घाटात कोळशाच्या गाड्यांचा मेळा

पुण्याहून निघालो तेव्हा पिशवीत दोन सदरे, एक पंचा, आईने बांधून दिलेले धपाटे आणि छापील पत्रकांचे दोन गठ्ठे होते. कपड्यांपेक्षा कागदाचं वजन जास्त. पत्रकाचं नाव ‘प्रवासी की हमाल?’ लिहिणारा मीच. कलमं बारा. त्यातलं चौथं मला सगळ्यांत आवडायचं, कारण ते मी तापात लिहिलं होतं : ‘घाटात प्रवाशांस खाली उतरविणाऱ्या सर्व्हिस गाडीचा परवाना रद्द करावा.’

ताप खरोखरचा होता. गेल्या थंडीत मी वडूजला निघालो होतो. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल मिळेनासं झालं आणि आपल्याकडच्या सर्व्हिस गाड्या (भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारी) मालकांनी कोळशावर केल्या, हे वाचकांना ठाऊक आहेच. गाडीच्या पाठीला पिंपाएवढी भट्टी लावतात. तीत कोळसा अर्धवट जळतो, त्याचा गॅस नळीतून गाळणीत जातो आणि गाळणीतून इंजिनात. सपाटीवर ही गाडी बैलाला मागे टाकते. चढावर बैल तिला मागे टाकतो. वडूजच्या गाडीने मला वर्धनगडच्या घाटात मधल्यामध्ये खाली उतरवलं, अंगात ताप असताना ढकलायला लावलं, आणि घरी परतल्यावर मी कागद ओढला. पत्रक छापलं, वाटलं, परवाने देणाऱ्या कचेरीतही पाठवलं. कचेरीनं उत्तर दिलं नाही. पण कोळशाच्या गाड्यांचे मालक दर वर्षी घाटाच्या पायथ्याशी जमतात, तिथे या वेळी कचेरीचे साहेब स्वतः जाऊन गाड्यांची चढाई तपासणार आहेत, अशी बातमी आली. म्हटलं, कलम लागू होताना डोळ्यांनी बघावं.

सकाळच्या आगगाडीने कोरेगावला उतरलो. स्टेशनाबाहेर एक निळी सर्व्हिस गाडी उभी होती. मागच्या भट्टीतून पांढरा धूर निघत होता आणि आतून हळदीचा वास येत होता. मालक पायरीवर बसून हिशेबीपणे पेरू कापत होते. पांढरी टोपी, कपाळाला गंध, पन्नाशीचे. हे सांगलीचे आण्णा चौगुले. जैन शेतकरी; हळदीचा व्यापार आणि तीन गाड्या.

“मेळ्याला जायचंय,” मी म्हटलं.

“बसा की हो. पण आधी जरा पंखा मारा.”

गाडीच्या बाजूला हाताने फिरवायचा पंखा असतो. भट्टीतला विस्तव फुलेपर्यंत तो फिरवत राहायचा, मगच इंजिन गॅस घेतं. कुणीही हाताशी असेल त्याच्याकडून तो फिरवून घेतात. माझं आठवं कलम याविरुद्ध आहे. मी तसं सांगितलं.

आण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग पिशवीतल्या गठ्ठ्याकडे. “म्हंजे ‘प्रवासी की हमाल’ ते तुम्हीच?”

“मीच.”

“मग तुम्ही सावलीत बसा. हमाल आम्ही आहोतच.” आणि उठून स्वतः पंखा मारू लागले. दोघांनी मारला असता तर पाच मिनिटांत झालं असतं. त्यांना पंधरा लागली. मी सावलीत बसून राहिलो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

वाटेत त्यांनी हळदीचं कोडं उलगडलं. गाळणीत गॅस स्वच्छ करायला बहुतेक जण काथ्या भरतात. आण्णा हळदीच्या पोत्यांचा ताग भरतात, कारण तो घरचाच. “इंजिनाला सर्दी होत नाही आमच्या,” ते म्हणाले. उतरताना पाहिलं तर माझा सदरा पाठीला काळा आणि बाहीला पिवळा झाला होता. तेव्हा या मेळ्याला कुणाला जायचं असेल तर पहिली सूचना : पांढरे कपडे घालू नका.

घाटाच्या पायथ्याला चिंचेची पाच-सहा मोठी झाडं आहेत. त्यांच्या सावलीत गाड्या गोल करून लावल्या होत्या, तोंडं बाहेर आणि भट्ट्या आत. एकूण नऊ. काही साताऱ्याच्या, एक मेढ्याची, एक शिरवळची, एक वडूजची, बाकी सांगलीकडच्या. वर पाहिलं तर डोंगराच्या अंगावरून रस्ता नागमोडी गेलेला, आणि माथ्याशी वर्धनगड किल्ल्याची तटबंदी.

मला वाटलं होतं भाषणं होतील, ठराव होतील. तसलं काही नाही. पहिला कार्यक्रम म्हणजे गाळणी उघडणं. प्रत्येक मालक आपल्या गाडीसमोर धोतर नाहीतर पोतं अंथरतो आणि गाळणीत जे साठलं असेल ते सगळ्यांदेखत त्यावर ओततो. राख, डांबरासारखा चिकट काळा रस, कोळशाची भुकटी. मग बाकीचे मालक पोत्याभोवती उकिडवे बसून ते बोटांत चोळून बघतात, जसं लग्नाला आलेली माणसं लुगड्याचा पोत बघतात. ज्याची गाळणी सगळ्यांत घाण, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. लपवाछपवी चालत नाही. शिरवळवाल्यानं येताना रात्री गाळणी धुऊन आणली होती, ते ओल्या काथ्यावरून उघडकीस आलं. त्याला दोन चहा बसले.

दुसरा नेम याहून अजब. मेळ्यात कुणी आपली गाडी आपण चालवायची नाही. सकाळी सपाटीवर एक-एक फेरी होते, तेव्हा मालक शेजाऱ्याच्या गाडीचं चाक धरतो. आपल्या गाडीची खोड आपल्याला कळत नाही, परक्या पायाला ती लगेच टोचते, असं त्यांचं म्हणणं. फेरीहून परतला की शेजारी मोठ्यानं दोष सांगतो आणि मालकानं ऐकून घ्यायचं. मेढेकराला कुणीतरी म्हणालं, “तुजी गाडी डावीकडं वडती रं, सासरच्या वाटंवानी.” मेढेकर ऐकून घेत होता. सभांना मी पुष्कळ गेलो आहे. दोष असा उभ्यानं ऐकून घेणारी सभा पहिलीच.

तिथेच वडूजच्या गाडीचा मालक भेटला. ज्ञानू हवालदार. आधीच्या लढाईत बसऱ्याला लष्करी लॉऱ्या चालवून आलेला. उंच, मिशा पांढऱ्या, पायात अजून लष्करी बूट. मला त्यानं ओळखलं नाही, मी ओळखलं. आण्णांनी ओळख करून दिली तेव्हा सगळे जमले.

“ह्योच का चौथं कलमवाला?”

“पोरगंच हाय की.”

“आवं पुणेकर,” साताऱ्याचा एक मालक म्हणाला, “तुमच्या कागदाचा येक गठ्ठा द्या. भट्टी पेटवाय घासलेट न्हाई मिळत आजकाल.”

हसले सगळे. हवालदार हसला नाही. त्यानं पत्रक घेतलं, लांब धरून चौथं कलम हळूहळू वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

“सायबानं ह्येच लिवलंय मला,” तो म्हणाला. “गाडी भरल्याली पायजे, पायथ्यापास्नं माथ्यापातुर थांबता कामा न्हाई, येक मानूस उतरता कामा न्हाई. उतरलं तर महिनाअखेरीला वडूजची गाडी बंद.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“व्हय, बरुबर हाय. पर वडूजला दुसरी गाडी न्हाई.”

“म्हणून प्रवाशांनी ढकलायचं?”

“आता न्हाई ढकलायला लागायचं,” तो म्हणाला आणि मला गाडीमागे घेऊन गेला. गाळणीचं झाकण उघडून दाखवलं. काथ्या नव्हता. मेंढीची लोकर होती, पिंजलेली, थरावर थर. खटाव-माणच्या धनगरांकडून आणलेली. “आठ दीस झाले भरून. इंजिन श्वास घ्याय लागलंय. कवा न्हाई ते परवा आमच्या खडीच्या चढाला दुसऱ्या गिअरात गेली.”

दुपारी जेवण. हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ, गरम पेज), बाजरीची भाकरी, खर्डा (हिरव्या मिरचीचा कुटलेला ठेचा) आणि वांग्याचं कालवण. जैन मंडळींसाठी कांदालसणाशिवायचं वेगळं भांडं होतं. रात्रीचं जेवणही सूर्य मावळायच्या आत उरकायचं असं ठरलेलं होतं, कारण आण्णा आणि आणखी दोघे दिवेलागणीनंतर अन्न घेत नाहीत. आणि ते घेत नाहीत तर कुणीच थांबायचं नाही. पुणेकरांनी खर्ड्याशी जपून असावं ही दुसरी सूचना. मी जपलो नाही.

तीन वाजता साहेब आले. चकचकीत काळी मोटार, पेट्रोलवर चालणारी, ड्रायव्हर खाकीत. साहेब वाईट माणूस नव्हता. नेमका होता. नियम वाचून दाखवला, घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, “मी माथ्यावर थांबतो. प्रत्येक गाडीत बसायला माणसं नाहीत माझ्याकडे. निदान पहिल्या गाडीत प्रवाशांच्या वतीनं कुणीतरी हवं.” मी हात वर केला. मोटार भुर्रकन घाट चढून गेली. इतकी सहज, की मला तिचाही राग आला.

पहिली गाडी वडूजची, कारण तो घाट रोज चढणारी ती एकटीच. गाड्या भरायच्या कशानं? आठ जणांनी ओढ्यातली वाळू पोत्यांत भरून बाकांवर ठेवली. हवालदारानं मात्र खरी माणसं घेतली. कोरेगावचा बाजार करून वडूजला परतणारी माणसं सकाळपासून झाडाखाली बसलीच होती. “वाळू कशाला वर न्यायची? ही तर घरी जायचीच हायत,” तो म्हणाला. सगळ्यांना बरोबर वाटलं. मलाही. नियमात तर ‘प्रवासी’ असंच लिहिलं होतं. आणि तपासणीला मालकानं स्वतः चालवायचं, हा साहेबाचा नियम; तेव्हा मेळ्याचा नेम बाजूला ठेवून हवालदारच चाकावर बसला.

माझ्या शेजारी बायजाक्का नावाची म्हातारी बसली. मांडीवर दुरडी (बांबूची टोपली), तीत गूळ, लसूण, आणि वरती जुन्या लुगड्यांच्या धुतलेल्या घड्या.

“सून दिवसांत हाय,” तिनं न विचारताच सांगितलं. “येत्या पंधरवड्यात सातारच्या दवाखान्यात न्यायची. गेल्या खेपंला गाडी नव्हती, बैलगाडीनं न्हेली. घाटातच झालं समदं. ल्योक माजा लढाईवर, मधी रजंवर आला तवा सुदिक त्याला धड सांगितलं न्हाई मी, घाटात काय झालं त्ये.” मग माझ्याकडे वळून, “तूच का रं गाडी बंद करनारा?”

मी म्हटलं, गाडी नीट चढली तर बंद होणार नाही.

“चढंल की,” ती म्हणाली आणि लुगड्यांवरून हात फिरवला.

आणि गाडी चढत होती. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात गाडीचा दोष नव्हता. पहिलं वळण, दुसरं वळण. इंजिनाचा आवाज भरलेला, एकसारखा. खाली बाकीच्या आठ गाड्या एकामागे एक लागलेल्या दिसत होत्या. हवालदाराची मान ताठ. आतली माणसं नेहमीच्या गप्पांत : मिरचीचा भाव, कुणाची म्हैस, कुणाचा जावई.

घाटाच्या मध्यावर एका वळणाशी शेंदूर फासलेला दगड आहे. म्हसोबा. गाडी तिथे आली आणि बायजाक्का बोलता बोलता उठली. मिरचीच्या भावाचं वाक्य तोंडात अर्धं होतं. वर हात करून तिनं टपावर दोन बुक्क्या मारल्या. पुढची चार माणसं उठली. मागची उठली. आणि त्याच क्षणी हवालदाराचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. एक जण उडी मारून खाली उतरला, रस्त्याकडेला नेहमीसाठी ठेवलेला धोंडा उचलून त्यानं मागच्या चाकाला लावला. बायकांनी दुरड्या डोक्यावर घेतल्या. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

सगळं इतकं शिस्तीत झालं की निम्मी माणसं चार पावलं चालून गेल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं.

“अरं द्येवा! आज न्हवतं उतरायचं!”

बायजाक्कानं दोन्ही हात तोंडावर घेतले. दुरडी पडली, गूळ रस्त्यावर घरंगळला.

कोळशावर गाडी केली तेव्हापासून रोज या म्हसोबाशी गाडीचा दम संपायचा. रोज लोक इथे उतरायचे, वळणापलीकडे चालत जाऊन पुन्हा बसायचे, लोकर भरल्यावरच्या आठ दिवसांतही. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. पायांना पाठ झालेलं. हवालदाराच्याही.

तो चाकावर दोन्ही हात ठेवून तसाच बसला होता. मागून आण्णा धावत आले. “काय केलंत हो हवालदार? चांगली चालली होती की!”

“म्या न्हाई केलं,” तो म्हणाला. “पायानं केलं.”

“वाळू भरायची होती,” कुणीतरी म्हणालं. “वाळू काय उतरत न्हाई.”

आण्णांच्या मागच्या गाड्याही थांबल्या होत्या. घाटात उभ्या राहिलेल्या गाडीला ओलांडून जायचं नाही, हा या लोकांचा आणखी एक नेम. पुढची घसरली तर मागच्यानं दगड-दोर घेऊन उभं राहायचं. शेवटची गाडी तिथून दिसतही नव्हती. थोड्या वेळानं वळणावळणावर पंखे फिरायला लागले. घरघर, घरघर, डोंगरभर. आमचा पंखा हवालदार एकटा मारत होता. मी उतरलो आणि दांड्याला दुसरा हात लावला. आण्णांनी पाहिलं आणि आपल्या गाडीच्या पंख्याकडे गेले.

पंखा मारता मारता मला गेली थंडी आठवली. हाच दगड. आठवायला लागलो, की मला ‘उतरा’ असं कोण म्हणालं होतं? खूप खणून पाहिलं. कुणीच म्हणालं नव्हतं. सगळे उठले म्हणून मी उठलो होतो. सगळ्यांनी हात लावला म्हणून लावला होता. एका बाईनं उलट ‘तुला ताप दिसतोय बाबा, बस तू’ असंही म्हटलं होतं. आणि मी लिहिलं होतं, ‘खाली उतरविणाऱ्या’. दोन हजार प्रती.

विस्तव फुलला. माणसं परत बसली. तेव्हा साताऱ्याचा मालक खिडकीशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, “सायब माथ्यावर. हितलं काय दिसत न्हाई त्यास्नी. जरा उशीर झाला म्हनायचं, कोळसा वला हुता. पुणेकर, तुमी काय सांगनार?”

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली.

“झालं ते सांगणार,” मी म्हटलं.

“बघा! म्हनलं न्हवतं?” मागून कुणीतरी. “ह्येनंच खड्डा खनलाय, ह्योच माती लोटनार.”

बायजाक्कानं गुळावरची माती पदरानं पुसली. “सांगू दे त्याला. खोटं बोलून गाडी किती दीस चालंल? पर समदं सांग हां बाबा. आर्धं नगं.”

माथ्यावर साहेब मोटारीच्या पायरीवर उभा होता. घड्याळ पाहिलं. “अर्धा तास उशीर. थांबली होती?”

“थांबली,” मी म्हटलं.

“प्रवासी उतरले?”

“उतरले.”

त्यानं खिशातून माझंच पत्रक काढलं. चौथ्या कलमाखाली तांबडी रेघ होती. “मग काही प्रश्नच उरत नाही. तुमचेच शब्द आहेत.”

आपलेच छापलेले शब्द दुसऱ्याच्या हातात बघणं सुखाचं असतं. त्या दिवशी नव्हतं. मी सगळं सांगितलं. गाडी दमली नव्हती, माणसं सवयीनं उठली, ब्रेक सवयीनं लागला. आणि मग म्हटलं, “शिवाय कलम खोटं आहे. गेल्या वर्षी मलाही कुणी उतरवलं नव्हतं. मी न आठवता लिहिलं.”

“छापील आहे.”

“छापील खोटं आहे. लिहून देतो.”

पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर तिथेच, मोटारीच्या टपावर कागद ठेवून लिहून दिलं. साहेबानं वाचलं. म्हणाला, “तुम्ही प्रामाणिक आहात. पण गाडी थांबली ती थांबली. सवय माझ्या नियमात बसत नाही.”

तेवढ्यात आण्णा पुढे झाले. टोपी नीट केली. “साहेब, मग आमचंही लिहून घ्या. आमच्या आठही थांबल्या. न थांबता चढायचं असा नियम आहे, तर नऊच्या नऊ बंद करा.”

“तुम्ही का थांबलात? रस्ता रुंद आहे.”

“घाटात उभ्या गाडीला आम्ही ओलांडत नाही.”

साहेबानं खाली पाहिलं. नऊ गाड्या ओळीनं, नऊ भट्ट्यांचा धूर. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची सगळी कोळशावरची वाहतूक त्या धुरात उभी होती. आता बोलावं की नाही असं वाटलं, पण जीभ थांबली नाही. “साहेब, आपण घाट पेट्रोलवर चढलात. एकदा या गाडीतनं चढा आणि मग काय ते लिहा.”

ड्रायव्हरनं तोंड फिरवलं. साहेबानं पुन्हा घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, “एकदाच. वडूजची. हीच माणसं. मी आत बसेन. थांबली तर परवाना गेला, आणि मग कुणी काही बोलायचं नाही.”

गाडी वळवली, उतारावरून खाली आणली. उतरताना बायजाक्कानं म्हसोबाशी हात जोडून मोठ्यानं सांगितलं, “आज थांबनार न्हाई रं बाबा. राग मानू नगंस.” पण हवालदार खाली येऊन चाकावर बसेचना. बुटाकडे बघत उभा राहिला.

“आण्णा,” तो म्हणाला, “माझा पाय ऐकायचा न्हाई. तुमच्या पायाला म्हसोबा ठावं न्हाई. तुमी चालवा.”

मालकानंच चालवायची, हा साहेबाचा नियम. साहेबाकडे सगळ्यांनी पाहिलं. “गाडी चढते का ते बघायचंय,” तो म्हणाला. “चालवा कुणीही.”

आण्णा सपाटीचा माणूस. हा घाट त्यांनी आयुष्यात एकदाच चढला होता, तासाभरापूर्वी, तोही हवालदाराच्या मागोमाग. त्यांनी मावळतीकडे पाहिलं. सूर्य टेकायला फार वेळ नव्हता. खाली चुलीवरून त्यांच्या जेवणाचं भांडं उतरवून ठेवलेलं होतं. त्यांनी धोतर खोचलं आणि चाकावर बसले.

साहेब पुढे. हवालदार माझ्या बाजूला, स्वतःच्या गाडीत बहुधा पहिल्यांदाच प्रवासी म्हणून. या खेपेला मिरचीच्या भावाची गोष्ट कुणी काढली नाही. काही माणसं हातांवर बसली होती. बायजाक्कानं दुरडीत दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसले होते.

आण्णा वळणं जरा दबकत घेत होते. दुसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज उतरला आणि हवालदार दातांत पुटपुटला, “खालचा गिअर, आण्णा, खालचा.” आण्णांनी टाकला. आवाज भरला. शेंदूर दिसला. हवालदाराचा बूट फळीवर इतका दाबला गेला की फळी करकरली. गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. गाडी दगडापाशी आली, दगड खिडकीतून मागे सरकायला लागला, आणि कुणीतरी उठून उभं राहिलं.

मी.

कसा उठलो, सांगता येत नाही. बाकाला धरून, पुरता उभा. बायजाक्कानं दुरडीतला हात काढून माझा सदरा धरला आणि खाली खेचला.

“बस खाली, मुडद्या! कलम मोडतुस व्हय?”

गाडीत हशा फुटला. माणसं रडेपर्यंत हसली. साहेबही पुढे बघत हसला, त्याचे खांदे हलत होते. हवालदार मात्र वळण पूर्ण होईपर्यंत हसला नाही. मग त्यानं पाय फळीवरून उचलला आणि गुडघा चोळत बसला.

माथ्यावर साहेबानं सही केली. माझं पाठीवर लिहिलेलं पत्रक त्यानं आपल्या कागदांना जोडलं. मोटार निघून गेली. वडूजची माणसं त्याच गाडीतून तशीच पुढे निघणार होती. बायजाक्कानं दुरडीतली भाकरी आण्णांपुढे धरली. किल्ल्यामागे सूर्य गेलेला होता.

“आता नको, आक्का,” आण्णा म्हणाले. “सकाळी घेऊ.”

तिला प्रथम कळलं नाही. मग कळलं. तिनं भाकरी पुन्हा फडक्यात बांधली आणि तेच फडकं त्यांच्या गाडीत ठेवून दिलं.

हवालदारानं निघताना मला हात केला. “पुणेकर, कागद लिवा. अजून लिवा. धूर लय हाय गाडीत, बायकांना चक्कर येती, त्ये बी लिवा. खोटं न्हाई त्ये.”

दुसऱ्या दिवशी आण्णांनी मला कोरेगाव स्टेशनावर सोडलं. निघताना पंखा मी मारला, दहा मिनिटं, आठव्या कलमासकट. ते पायरीवर बसून बायजाक्काची शिळी भाकरी खात होते. म्हणाले, “चांगला फिरवता की. पुढच्या वर्षी या.”

माझा संताप कमी झालेला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. धूर, काजळी, कोंबलेली माणसं, सगळं आहे तसंच आहे आणि त्याबद्दलची कलमं राहतील. चौथं मी खोडलं. त्याच्या जागी दुसरं लिहिलं आहे : ‘गाडीबद्दल निर्णय करणाऱ्याने त्या गाडीत बसून घाट चढावा.’ कचेरीला ते लागू आहेच. लिहिणाऱ्यालाही आहे.

पुण्याच्या वाटेवर एका ठिकाणी चढ लागतो. तिथे आगगाडी मंदावली, इंजिन धापा टाकायला लागलं. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “उतरायचंय का तुम्हाला?”

तेव्हा कळलं की मी उभा होतो.